निळा प्रकाश गेला, काच राहिली

नवी लेन्स घेणाऱ्यापुढे दुकानदार एक चपटी डबी हमखास सरकवतो. आत ‘यूव्ही’ असते, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची पारदर्शक काच, म्हणजे फिल्टर. भिगवणला पक्षी टिपायला निघालेला हौशी माणूसही ती निमूट घेतो, कारण लेन्सला काच हवीच, असं त्याला शिकवलेलं असतं. मात्र ही काच मुळात राखणीसाठी जन्मली नाही, ती आली प्रकाश गाळायला. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या प्लेटांना निळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाशच प्रामुख्याने दिसे, लाल रंगाला त्या जवळजवळ आंधळ्या असत. म्हणून त्या काळच्या देखाव्यांत आकाश कोरं पांढरं असतं. सगळे रंग ओळखणारी कृष्णधवल फिल्म आल्यावरही निळ्याकडचा तिचा ओढा पुरता गेला नाही, आणि ढग उठून दिसावेत म्हणून पिवळी काच लावायची रीत पडली. १९३५ साली कोडॅकने कोडाक्रोम बाजारात आणली. रंगीत फिल्मचा वापर वाढला, तशी उंच डोंगरावरची आणि लांबच्या देखाव्यांची चित्रं निळसर येऊ लागली, कारण डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश फिल्मच्या निळ्या थरावर उमटत होता. रंगहीन यूव्ही आणि फिकट गुलाबी स्कायलाइट हे त्यावरचे उतारे.

राखणीचा अर्थ या काचेला मागाहून चिकटला, आणि तेव्हा तो रास्तही होता. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. हे टाळण्यासाठी भिंगावर अतिशय पातळ लेप चढवण्याची पद्धत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्येच शोधली. हे सुरुवातीचे लेप मऊ होते. रुमालाच्या टोकाने भिंग पुसलं की ओरखडे उठायचे, मग भिंगापेक्षा स्वस्तातली काच पुसलेली काय वाईट? आजचे लेप कडक असतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारा थर कारखान्यातच बसवलेला असतो, आणि लेन्समधल्या अनेक भिंगांतूनही अतिनील प्रकाश फारसा पार होत नाही. जिच्यासाठी काच आली ती फिल्म हद्दपार झाली, जिच्यासाठी टिकली ती लेपाची नाजुकी सरली. काच मात्र जागची हलली नाही. एखादी रीत आपल्या कारणापेक्षा जास्त जगते ती अशी.

भिगवण ज्यात येतं त्या बारामती-इंदापूर तालुक्यांच्या पठारावर तर निळ्या झाकेचं कारण आधीही फार जोरकस नव्हतं. हा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, हिमालयात नव्हे. उजनीच्या पाण्यावर सकाळी जे धुरकट दिसतं ते धुकं, धूळ आणि बाष्प असतं, आणि ते यूव्हीने कमी होत नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यात दूरवर पसरला. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरू लागले आणि मच्छीमारांच्या होड्यांत मोठाल्या लेन्स येऊन बसल्या. इथे काचेचा तोटा जास्तीत जास्त होतो. पक्षी लांब, म्हणून लेन्स लांब पल्ल्याची. अशा लेन्सपुढे सपाट काचेचा किंचितसा दोषही मोठा होऊन चित्राची धार बोथट करतो. त्यात उगवता सूर्य आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही समोर. सेन्सरवरून परतलेला प्रकाश सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि रोहितांच्या थव्यात भुतासारखा एक ठिपका उभा राहतो.

लेन्स बनवणाऱ्यांचंच उदाहरण घ्या. ६०० मिलीमीटर, एफ/४ लेन्सचं तोंड सुमारे १५० मिलीमीटरचं असतं. तिथे फिल्टरसाठी आटेच नसतात, हवा तर छोटा फिल्टर मागच्या बाजूला सरकवायचा. कॅननने पूर्वी अशा लेन्सच्या तोंडाशी संरक्षक काच दिली होती हे खरं, पण ती वक्र होती आणि लेन्सच्या आखणीतच धरलेली होती. २०११च्या सुमारास आलेल्या पुढच्या पिढीत वजन घटवण्यासाठी तीही काढली आणि भिंगावर पाणी-धूळ न चिकटणारा फ्लोरिनचा लेप दिला.

यावर नेहमीचं उत्तर येतं की नाव डुलते, लेन्स काठावर आपटली तर? त्यासाठी लेन्सच्या तोंडाभोवती बसणारा हूड आहे. तो धक्का स्वतः सोसतो आणि वरून उन्हाचा तिरपा झोतही अडवतो. पातळ फिल्टर फुटला तर त्याचेच तुकडे भिंगावर चरे पाडतात. चरे पडले तरी किती बिघडतं, हाही प्रश्न आहेच. पुढच्या भिंगावरचा बारीक ओरखडा फोकसपासून इतका दूर असतो की चित्रात तो दिसत नाही, फार तर उन्हासमोर उठाव थोडा उतरतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा शोधताना किंवा कडबनवाडीच्या माळावर गाडीमागे उठणाऱ्या धुळीतही हूड आणि धूळ उडवायचा हवेचा फुगा एवढ्यावर भागतं.

एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा, आणि तो याच दोन तालुक्यांतला आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी इथून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला अश्वांचं. तिथे फोटोवाला रुंद कोनाची लेन्स घेऊन गर्दीत शिरलेला असतो. टापांची माती, उधळलेला बुक्का आणि मधूनच येणारी सर, सगळं थेट काचेवर. रुंद कोनाला फिल्टरचा दोष तितका भोवत नाही, आणि तिथला हूड इतका आखूड की बुक्का त्याला जुमानत नाही. कॅननच्या १७-४० मिलीमीटरसारख्या काही लेन्सना तर समोर फिल्टर चढवल्याशिवाय धूळ-पाण्यापासून पुरतं संरक्षण मिळत नाही, असं कंपनीच सांगते. तेव्हा बेलवाडीच्या रिंगणात चांगल्या प्रतीची काच खुशाल लावावी. कुंभारगावच्या नावेत पाय ठेवण्याआधी मात्र ती उतरवून डबीत घालावी आणि हूड चढवावा.