क्लोरोफॉर्मची साक्ष

धंतोलीलगतच्या पुलावरून नाग नदीत डोकावले की काळा गाळ दिसतो, आणि उन्हाळ्यात त्यातून वर येणारे बुडबुडे. त्यांत मिथेन असतो. गाळ मेलेला नाही, त्यात कोणीतरी कामावर आहे, याची ती खूण.

‘वाहते पाणी आपोआप शुद्ध होते’ हे वाक्य आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे शिकवलेही. त्यातल्या ‘आपोआप’ या शब्दाने एकोणिसाव्या शतकात बराच वाद घडवला. म्युनिकचे पेटेनकोफर नदीच्या या शक्तीवर भिस्त ठेवत. इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड म्हणत, सांडपाणी पुरते शुद्ध होईल इतकी लांब नदी आमच्या देशात नाहीच. पण शुद्ध करतो कोण? हवेतला प्राणवायू, असेच बहुतेक रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. मग त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. क्रिया निव्वळ रासायनिक असती तर हे वीस दिवस कशासाठी लागले? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद! क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी काम सुरू होईना. बागेतल्या मातीचे थोडे गढूळ पाणी ओतल्यावर मात्र काही दिवसांत ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे काम करणारे सजीव होते. पुढे १८९० साली विनोग्राडस्कींनी झुरिचमध्ये ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

गंमत अशी की, हे कामकरी आहेत हे त्यांना विष घातल्यावरच कळले. (हा प्रयोग वर्गात मात्र करू नये, क्लोरोफॉर्म आपल्यालाही विषारीच.)

नाग नदीत शहराचे सांडपाणी येते. सांडपाण्याबरोबर घरातले फिनाइल, दवाखान्यांतली जंतुनाशके, कारखान्यांतले जड धातू आले, तर गाळातले जिवाणू मंदावतात. फिनाइल रोगजंतू आणि कामकरी जिवाणू असा भेद करत नाही. श्लोसिंग-म्युंट्झ यांच्या नळीतले विष आधी काढले होते, म्हणून मातीचे पाणी उपयोगी पडले. नदीत नवे जिवाणू रोज येतात, पण विषही त्यांच्याच बरोबर येते.

धातूंचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. तांबे, जस्त, कॅडमियम यांना हा वायू न विरघळणाऱ्या सल्फाइडच्या रूपात बांधून ठेवतो, आणि त्यांचा जाच कमी होतो. पावसाळ्यापूर्वी महापालिका नदीतला गाळ उपसते. पुराच्या भीतीने ते करावेच लागते. पण ढवळलेल्या गाळाला हवा लागली की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि बांधलेले धातू पाण्यात सुटू शकतात. ते पाणी पुढे कन्हानमार्गे वैनगंगेला, गोसीखुर्दच्या जलाशयात पोचते. उपसलेला गाळ काठावरच ठेवला, तर पहिल्या पावसात तोही त्याच वाटेने जातो.