जागल

२०२१चा जून. दुसरी लाट ओसरत होती आणि मी राळेगाव तालुक्यातल्या मामाच्या गावी मुक्काम ठोकून होतो. ऑफिस घरूनच चालू होतं. १८ तारखेला 'शेरनी' ॲमेझॉन प्राइमवर आला. गावात धड रेंज यायची ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. तिथे फोन ठेवून रात्रभर सिनेमा डाउनलोड केला आणि दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर फोन पितळी डब्याला टेकवून आम्ही पाच जण पाहायला बसलो. मामा, मामी, आजी, मामाचा पोरगा आणि मी.

तोवर माझ्या पुण्याच्या ग्रुपवर निकाल लागून गेला होता. 'स्लो आहे यार.' 'पहिला तासभर काही घडतच नाही.' एकाने तर दीडपट स्पीडवर पाहिला, म्हणे तसा बरा वाटतो. विद्या बालन आहे, वाघीण आहे, तर काहीतरी धडाकेबाज असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. सिनेमात मात्र फायली, मीटिंगा, दौरे, ठसे आणि पुन्हा मीटिंगा.

इकडे वाघीण मेल्याचा प्रसंग आला तेव्हा मामा पुढे सरकून म्हणाला, "झालं? एवढ्या लवकर? आमाले तं दोन वर्सं लागले."

त्या एका वाक्यामुळे मी हे लिहायला घेतलंय.

तुमच्यापैकी अनेकांनी 'शेरनी' पाहिला असेल, पण तो कुठून आला हे कदाचित माहीत नसेल. अमित मसूरकरच्या या सिनेमात जागा मध्य प्रदेशातली दाखवलीय, शूटिंगही तिकडचंच, वाघिणीचं नाव टी-१२. पण आमच्या जिल्ह्यात कुणालाही विचारा, ती टी-१च आहे. पांढरकवडा आणि राळेगावच्या पट्ट्यातली, शहरातल्या लोकांनी जिला 'अवनी' म्हटलं ती. जून २०१६ पासून २ नोव्हेंबर २०१८ पर्यंत या भागात तेरा माणसं गेली आणि ती तिच्या नावावर लागली. सगळेच बळी तिचे होते का, यावर वाद झाला आणि तो होणं रास्तच होतं. मात्र माणसं गेली यावर वाद नव्हता.

त्या दोन वर्षांचा वेग कसा होता, ते सांगतो. आमच्याकडे पीक राखायला रात्री शेतात जातात, त्याला जागल म्हणतात. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर साफ करतात, त्यामुळे माळ्यावर बसायचं, अधूनमधून डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची. शिवाय ओलिताची लाइन पुष्कळदा रात्रीच येते, म्हणजे मोटर सुरू करायला रात्रीच जावं लागतं. वाघिणीने या सगळ्याची उलटापालट केली. पिकाची जागल करायला जायचं, तर आधी स्वतःची जागल करायला कोण? लोक घोळक्याने, काठ्या घेऊन जायला लागले. दिवस मावळायच्या आत ढोरं गोठ्यात आणि माणसं घरात. कापूस वेचायला मजूर मिळेना. आणि ऑक्टोबर उजाडला की पऱ्हाटी कमरेच्या वर जाते. वाघ बसला तर दहा हातांवरूनही दिसणार नाही.

सिनेमा बघताना मामीने पहिल्या अर्ध्या तासातच विचारलं होतं, "पऱ्हाटी कुठं हाय याच्यात?" प्रश्न बरोबर होता. 'शेरनी'त जंगल आहे, जंगलाच्या कडेचं गाव आहे, गुरं चारायला कुठे न्यायची हा प्रश्नही आहे. आमच्याकडची गोष्ट अर्धी जंगलाची आणि अर्धी कापसाची होती. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. टी-१ तर त्याच्याही बाहेर, शेतं, झुडपी जंगल आणि नाले यांच्या गुंतवळ्यात राहत होती. जंगल कुठे संपतं आणि वावर कुठे सुरू होतं, हे सातबाऱ्यावर कळतं, वाघाला कळत नाही.

सिनेमावाल्यांनी जे घेतलं नाही, ते मात्र पडद्यावर दाखवलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. वाघिणीला भुलवायला कॅल्विन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन' नावाचं अत्तर वापरलं. एका नामांकित गोल्फपटूचे इटालियन जातीचे कुत्रे आणले. ड्रोन आले, हत्ती आले. ताडोबाहून आलेला हत्ती रात्री सुटून पळाला आणि त्यानेच एका बाईचा जीव घेतला. वाघिणीला पकडायला आणलेल्या हत्तीने माणूस मारला, हे मामाने फोनवर सांगितलं तेव्हा मला ती अफवाच वाटली होती. पेपरात वाचल्यावर विश्वास बसला.

११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठार मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. आदेशाचा क्रम असा होता: आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न, तो फसला तरच गोळी. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नियमांचा भंग झाल्याचं नोंदवलं. गोळी लागली तेव्हा तिचं तोंड शिकाऱ्याच्या विरुद्ध दिशेला होतं, असंही तपासात पुढे आलं. म्हणजे ती अंगावर आली म्हणून मारली, हे पटण्यासारखं नव्हतं. मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात मी व्हॉट्सॲप उघडलं, तर अर्धे स्टेटस काळे. अवनीसाठी हॅशटॅग, मेणबत्त्या, बछड्यांचे फोटो. केंद्रीय मंत्री मनेका गांधी राज्याच्या वनमंत्र्यांवर, म्हणजे आपल्याच पक्षाच्या सुधीर मुनगंटीवारांवर, नंतर तुटून पडल्या. मीही एक स्टेटस टाकलं. इंग्रजीत, दोन ओळींचं, माणूस नावाच्या प्राण्याची लाज वाटते असं काहीसं. संध्याकाळी पाहणाऱ्यांची यादी उघडली तर तिसरं नाव मामीचं. तिला इंग्रजी येत नाही, पण मामाच्या पोराला येतं.

त्याच दिवशी मामाच्या गावात फटाके फुटले होते. दिवाळी ७ तारखेला होती, पोरांनी आणलेले फटाके चार दिवस आधीच उडवले. आसपासच्या गावांत पेढे वाटल्याच्या बातम्या पुण्यातल्या लोकांनीही वाचल्या आणि 'काय माणसं आहेत ही!' म्हणून पुढे पाठवल्या. त्या वर्षी दिवाळीला मामाचा फोन आला नाही. मीही केला नाही. भांडण असं काही झालंच नाही, त्यामुळे मिटवायचं काय तेही कळेना. तीन वर्षांनी पितळी डब्याला टेकवलेल्या फोनसमोर बसलो होतो, तेव्हा हे सगळं त्या खोलीत आमच्यासोबत बसलेलं होतं. मामाने एवढंच विचारलं, "अवनी म्हंजे कोन, हे आमाले टीव्हीवरून समजलं. आमी तं तिले वाघीनच म्हनत होतो. तुमी नाव काहून ठेवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाव ठेवलं की रडता येतं, हे आत्ता सुचतंय.

आपल्यावर बेतलेला सिनेमा बघताना आमच्या जिल्ह्याने मान हलवायची की मूठ आवळायची, हा प्रश्न 'शेरनी'च्या आधीपासूनचा आहे. ऑगस्ट २०१०मध्ये 'पीपली लाइव्ह' आला. शेतकरी आत्महत्येवरचं हे व्यंग देशभर नावाजलं गेलं. विदर्भ जन आंदोलन समितीने मात्र त्याला कडाडून विरोध केला, बंदीची मागणी केली. भरपाईच्या पैशासाठी माणूस मरायला निघतो, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली. मल्टिप्लेक्समध्ये लोक जिथे हसत होते, तिथे पांढरकवड्यात हसू येणं शक्य नव्हतं. मला तो सिनेमा चांगला वाटतो आणि त्यांचा रागही खरा वाटतो. दोन्ही एकाच वेळी.

त्याच्या वर्षभर आधी, २००९मध्ये, सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' आला होता. तो आधी नेदरलँडमधल्या रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला, मग आपल्याकडे पोचला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णीला, भीती बसते की आपला नवराही तेच करेल. ती त्याच्यावर पहारा ठेवते, पोराला त्याच्या मागे पाठवते, गोडधोड करते. नवऱ्याला, म्हणजे गिरीश कुलकर्णीला, कळतच नाही की ही अशी का वागतेय. पोस्टरवर 'थ्रिलर' असं कुणी लिहिलं नसेल, पण माझ्या मते तो थ्रिलरच आहे आणि त्यात वाघ नाही. घरातल्या माणसाचीच जागल. मामीला तो अजून आठवतो. त्याला स्लो म्हणताना तिला मी कधी ऐकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी 'आस बेस्तास' पाहिला. रोद्रिगो सोरोगोयेनचा २०२२चा स्पॅनिश सिनेमा, गोया पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्तम. स्पेनच्या गॅलिसिया भागातलं डोंगरातलं, ओस पडत चाललेलं गाव. एक सुशिक्षित फ्रेंच जोडपं तिथे येऊन सेंद्रिय भाजीपाला पिकवतंय, पडकी घरं दुरुस्त करतंय. पवनचक्क्यांची कंपनी जमिनीचे पैसे द्यायला तयार आहे. गावातले बहुतेक लोक हो म्हणतात, हे जोडपं नाही म्हणतं, आणि शेजारचे दोन भाऊ दात धरतात. कथेमागे सांतोआया या गावात २०१०मध्ये झालेला एका डच माणसाचा खून आहे.

तुम्ही म्हणाल, यात यवतमाळ कुठून आलं? माझं सांगतो. सिनेमाचा पहिला भाग मी फ्रेंच माणसाच्या बाजूने पाहिला, आपण सगळे तसाच पाहणार. मग दारूच्या गुत्त्यात एक लांबलचक प्रसंग येतो. थोरला भाऊ, लुइस साएराने केलेला, समोर बसून शांतपणे आपलं म्हणणं मांडतो. तू इथे आवडतं म्हणून आलास, आम्ही इथे जन्मलो म्हणून अडकलो, आणि तुझ्या एका नकारामुळे सुटायची वाट बंद झाली, असा त्याचा सूर. कॅमेरा कितीतरी वेळ हलत नाही. त्याचं बोलणं संपल्यावर तो सज्जन होत नाही, भीतीही कमी होत नाही. पण मला माझं ते काळं स्टेटस आठवलं.

'शेरनी'त असा प्रसंग नाही. गावातल्या बाया आहेत, त्या बछड्यांना वाचवायला मदत करतात, त्यांचं काम सुंदर झालंय. राजकारणी आहेत, मिरवणारा शिकारी आहे. पण फटाके फोडणाऱ्या माणसाला पाच मिनिटं समोर बसवून बोलू दिलेलं नाही. माझी त्या सिनेमाबद्दलची तक्रार ही एवढीच, वेगाबद्दल नाही. ज्याच्या गोळीने वाघीण गेली त्या शिकाऱ्याने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवल्याच्या बातम्या आल्या, म्हणजे आपलं म्हणणं मांडायला त्याच्याकडे वकील होता.

खऱ्या बछड्यांपैकी मादीला डिसेंबर २०१८मध्ये पकडून पेंचला नेलं. मार्च २०२१मध्ये तिला जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती गेली. 'शेरनी' यायला तेव्हा तीन महिने होते. त्या बातमीवर मला एकही स्टेटस दिसलं नाही, माझंही नव्हतं.

गेल्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन गेलो आणि मामा-मामीला 'आस बेस्तास' दाखवला. सबटायटल वाचून मी वऱ्हाडीत सांगत होतो. गुत्त्यातला तो प्रसंग संपला, तशी मामीने थांबवायला लावलं.

"किती भेटनार होते त्याइले? एकराचा काय भाव?"

मी म्हणालो, एकराचं सांगत नाहीत.

"मंग कसं ठरवाचं कोन बरोबर?"

मामा काही बोलला नाही. पुढचं सांगितलं तर स्पॉयलर होईल, पण मामीसाठी सांगतो: दुसऱ्या भागात तो माणूस नसतो. त्याची बायको त्याच गावात राहते, तीच शेती करते आणि रोज नकाशावर खुणा करत एकटी रान पालथं घालते. पोरगी येऊन म्हणते चल, ती जात नाही. ग्रुपवाल्यांनी हा भाग नक्की दीडपट स्पीडवर पाहिला असता. मामी मांडीवरचं ताट खाली न ठेवता पाहत होती. २०१८च्या त्या ऑक्टोबरात ती कापूस वेचायला जात होती, घरात दुसरं कुणी जायला नव्हतं. किती दिवस गेली, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं.

"एकटीच जाते थे?" तिने विचारलं.

"हो."

"दुपारची जाते का सकाळची?"

मी सिनेमा मागे नेला. उजेड कुठून येतोय ते पाहायला.