वीरांचा नित्य सन्मान

आपल्याकडे गावोगावी देवळाच्या आवारात उन्हापावसाने झिजलेले वीरगळ आढळतात. तळच्या चौकटीत वीर लढत असतो, तिच्या वर अप्सरा त्यास स्वर्गी नेतात, त्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि शिरोभागी चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर कीर्ती राहो, हा त्याचा भावार्थ. परंतु वीराच्या मागे राहिलेल्यांचे काय, हे ती शिळा सांगत नाही.

त्याचे उत्तर शिवछत्रपतींनी दिले. इ. स. १६५९ मध्ये अफजलखानाचा पाडाव झाल्यावर महाराजांनी जी व्यवस्था केली, ती सभासदाने आपल्या बखरीत नमूद केली आहे. पडलेल्यांच्या पुत्रांचे चालविले. पुत्र नसेल तेथे विधवेस निमे वेतन बांधून दिले. जखमींस बक्षिसे दिली. पुढे पेशवाईतही कामी आलेल्या शिपायांच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' ही नेमणूक होती. सारांश, वीराचे घर चालविणे हाच त्याचा खरा सन्मान, असे आपले पूर्वज मानीत.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आज ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. तेथे साध्या पत्रावर पत्ता लिहितानाही वीरांचे स्मरण घडते! इ. स. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो व त्या दिवशीचा निधी माजी सैनिकांच्या आणि हुतात्म्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी वापरला जातो.

येथे स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. एके वर्षी शाळेत ध्वजदिनाच्या तयारीत मी गुंतलो असता एक वृद्ध हवालदार हयातीच्या दाखल्याचा कागद भरून घेण्यास आले. मी त्यांना "उद्या या" म्हटले. ते पुन्हा आले नाहीत. त्यांचे निवृत्तिवेतन दोन महिने अडले, हे मला मागाहून कळले. त्यांच्याच सन्मानाचे भाषण मी त्या दिवशी मुलांकडून पाठ करून घेत होतो!

म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती इतकीच की, आपल्या आळीतील माजी सैनिकाचा कागद भरून द्यावा, त्यांच्याबरोबर बँकेत जावे, वीरपत्नीच्या दारी सणासुदीला आधी जावे. वीरगळ उभारणे सर्वांस साधत नाही. हे मात्र कोणासही साधेल.