दुकान मिटलं, खेळ कुठे गेले?
२९ जुलै २०२४ ला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राचं ऑनलाइन दुकान बंद झालं. त्याआधीच जळगावात, लाइट जायच्या धास्तीत, मी विकत घेतलेले खेळ २५० जीबीच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. डीव्हीडीवरचा खेळ मित्राला देता येतो. डाउनलोडचा परवाना मात्र खात्याला आणि त्याच यंत्राला बांधलेला. यंत्र बिघडलं, की कंपनीच्या सर्व्हरकडेच बघायचं.

जुने कागदही असेच नष्ट होत होते, तेव्हा इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं वाळवीच्या तोंडून सोडवली. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचं निधन झालं; पुढच्याच वर्षी तिथे ते कागद जपणारं संशोधन मंडळ उभं राहिलं. खेळांनाही असं घर हवं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं, की २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत.