निवडुंगावरचा कापूस

निवडुंगाच्या फड्यांवर पांढऱ्या कापसाचे पुंजके दिसले, की बहुतेकांना पिठ्या ढेकणाचीच शंका येते. पण पुंजका नखाने चिरडल्यावर गर्द लाल रस निघाला, तर ती कीड कोचिनील समजावी. तिची बिनपंखी मादी सोंड फडीत खुपसून एकदा बसली, की सहसा जागा सोडत नाही. अंगावरचे मेणचट आवरण पाणी धरत नसल्याने साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. कुंडीतल्या एखाद्या झाडावरून ती स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढता येते. भारतात मात्र हीच कीड मोठ्या हौसेने आणली गेली.

तिच्या रसातला किरमिजी रंग मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके काढला, आणि स्पेनने त्या व्यापारावर आपली मक्तेदारी राखली. ती मोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनी उत्सुक होती. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी तर या किडीसाठी निवडुंगाची बागच उभारली. 1795 मध्ये ब्राझीलहून जहाजाने किडे भारतात पोहोचले. पण ते मेक्सिकोचे पाळीव कोचिनील नव्हते, जंगली प्रजातीचे होते. दोघांतला फरक डोळ्यांनी ओळखण्याजोगा आहे: पाळीव कोचिनीलच्या अंगावर नुसती पांढरी भुकटी असते, जंगलीवर दाट कापूस. जंगली किड्यांचा रंगही कमी प्रतीचा निघाला आणि रंगाचा धंदा बसला.

किडे मात्र तगले. ओपुन्शिया मोनाकँथा नावाचा निवडुंग भारतात माजला होता, त्याचा त्यांनी फडशा पाडला. हे पाहून 1836 ते 1838 च्या दरम्यान ते मुद्दाम दक्षिण भारतात सोडले गेले, आणि 1860 च्या दशकात श्रीलंकेत नेले गेले. तण मारण्यासाठी कीटक एका देशातून दुसऱ्या देशात जाणूनबुजून नेल्याचा हा जगातला पहिला यशस्वी दाखला मानतात.

तरीही एक निवडुंग हाती लागला नाही. दख्खनच्या कोरडवाहू भागाला चांगलाच परिचित असलेला फड्या निवडुंग, म्हणजे ओपुन्शिया डिलेनाय, या किड्यांना दाद देत नव्हता. कोचिनीलच्या प्रत्येक प्रजातीचा आपला ठरलेला निवडुंग असतो, हे त्यातून उघड झाले, आणि कीटकांकरवी तण मारण्याच्या विद्येचा खरा पाया तोच आहे. डिलेनायवर जगणारी दुसरी प्रजाती, डॅक्टिलोपियस ओपुन्शी, 1926 मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणली गेली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या हजारो एकरांवरचा फड्या निवडुंग वाळून गेला.

ऑस्ट्रेलियानेही आधी कोचिनीलच आजमावला. 1914 च्या सुमारास क्वीन्सलंडमध्ये सोडलेल्या किड्यांनी मोनाकँथा आटोक्यात आणला, पण तिथला मुख्य शत्रू वेगळाच निवडुंग होता. 1925 पर्यंत सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती. त्या वर्षी अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस या पतंगाची सुमारे 2,750 अंडी आणली गेली. त्याच्या अळ्या फडीत शिरून ती आतून पोखरतात. त्या जखमांतून बुरशी आणि जिवाणू घुसतात आणि फडीचा लगदा होतो. घरातल्या निवडुंगाच्या बुंध्याला जखमेतून लागणारी कूज अशीच पसरते. 1930 च्या दशकाच्या पूर्वार्धातच ते रान कोसळले.

ज्या देशांत निवडुंग हेच पीक आहे, तिथे हेच कीटक संकट ठरतात. 2014 पासून मोरोक्कोत डॅक्टिलोपियस ओपुन्शीने निवडुंगाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. कीड लागलेली झाडे उपटून नष्ट करावी लागली. किडीवर जगणारे भुंगेरे सोडण्याचे प्रयोग झाले आणि तिला दाद न देणारे वाण शोधून त्यांची लागवड सुरू झाली.