लॅपटॉपच्या पोटातलं घड्याळ

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा घरच्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप 'बिघडला' म्हणून पडलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

लक्षणं ओळखीची आहेत. लॅपटॉप सुरू केला की कोपऱ्यात १ जानेवारी दिसतं, आणि साल दहा-बारा वर्षांपूर्वीचं. बँकेची साइट उघडायला गेलं तर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. डिजिटल सही होत नाही. मग कुणी म्हणतं व्हायरस आहे, कुणी म्हणतं मदरबोर्ड गेला. शेवटी लॅपटॉप निर्लेखनाच्या यादीत जातो. पुष्कळदा यातलं काहीच झालेलं नसतं. आत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपलेला असतो. साधा सेल ३०-४० रुपयांना मिळतो.

हा सेल तिथे आला कसा, याला चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की दुरुस्ती निम्मी समजते, म्हणून आधी इतिहास.

वेळ विचारणारा संगणक

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. बंद असतानाही चालत राहील असं घड्याळ त्यात नव्हतं. सुरू केला की तोच माणसाला विचारायचा, आज तारीख काय, किती वाजले? कंटाळून नुसतं एंटर दाबलं की तो १ जानेवारी १९८० धरून कामाला लागायचा. फायलींवरही तीच तारीख पडायची. बंद केला की सगळं विसरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

लोकांना याचा वैताग यायचा. मग बॅटरीवर चालणारं घड्याळ असलेली जोडकार्डं निघाली. एएसटी कंपनीचं सिक्सपॅकप्लस हे त्यातलं गाजलेलं. जादा मेमरी हवी म्हणून लोक ते घ्यायचे, घड्याळ सोबत मिळायचं.

१९८४ साली दोन यंत्रं आली. जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश. त्यात घड्याळ होतं, आणि त्याच्या बॅटरीसाठी मागच्या बाजूला चक्क छोटं झाकण होतं. रेडिओचे सेल बदलतो तसं झाकण उघडायचं आणि बॅटरी बदलायची, यंत्र खोलायचं कामच नाही. हे झाकण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी एटी आला. त्यात मोटोरोलाची १४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्यात एकूण ६४ बाइट जागा. १४ बाइट घड्याळाला लागायचे, उरलेल्या ५० बाइटमध्ये आयबीएमने संगणकाची मांडणी लिहून ठेवायला सुरुवात केली: हार्ड डिस्क कोणती, मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती. ही चिप सीमॉस पद्धतीची, म्हणजे अगदी नाममात्र वीज खाणारी, म्हणून छोट्या बॅटरीवर वर्षानुवर्षं चालायची. 'सीमॉस बॅटरी' हे नाव तिथून पडलं. सेल संपला की वेळेबरोबर सेटिंग्जही का जातात, त्याचं मूळही इथेच आहे. दोन्ही एकाच खोलीत राहायला आले.

या घड्याळाचा ठोका देतो क्वार्ट्झचा एक बारीक तुकडा, आपल्या हातातल्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण १५ वेळा निम्मा करत जा, बरोबर १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका. इतका सोपा हिशोब छोटी चिपही करू शकते.

एक काटकसर मात्र महागात पडली. या चिपमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायची सोय होती. १९८४ म्हणजे ८४, १९९९ म्हणजे ९९, आणि त्यानंतर ००. तशीच काटकसर मोठ्या संगणकांच्या जुन्या प्रोग्रॅम्सनीही केली होती. त्यातून २००० सालाचा तो प्रसिद्ध गोंधळ उभा राहिला, आणि तो निस्तरायचं बरंच काम भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना मिळालं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतून मुलं-मुली त्या कामासाठी पहिल्यांदा परदेशी गेली.

गळणाऱ्या बॅटऱ्या आणि बंद डब्या

सुरुवातीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपासारखी छोटी बॅटरी डाग देऊन बसवलेली असायची. संगणक चालू असताना ती चार्ज व्हायची. पण काही वर्षांनी ती गळायची, आणि आतला क्षार बोर्डाचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकायचा. जुने संगणक जपणारे लोक आजही जुना बोर्ड हातात आला की आधी ती बॅटरी काढून टाकतात.

मग डॅलस सेमीकंडक्टर कंपनीने वेगळी युक्ती काढली. घड्याळाची चिप, क्वार्ट्झ आणि लिथियम सेल एकाच काळ्या डबीत घालून वरून कायमचं बंद केलं. दहा वर्षं बघायला नको. पण अकराव्या वर्षी? अख्खी डबीच बदला. डबी मिळत नसेल तर कानस घेऊन ती खरवडायची, आतल्या तारा शोधायच्या आणि बाहेरून सेल जोडायचा. हौशी मंडळी हे आजही करतात.

शेवटी टिकला तो साधा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२. हे नाव म्हणजे त्याचं मापच आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. 'सी' म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड, 'आर' म्हणजे गोल. ३ व्होल्टचा, सहसा न गळणारा, आणि खाचेत बसणारा. डेस्कटॉपमध्ये तो नखाने काढता येतो. वजनकाट्यात आणि मोटारीच्या किल्लीतही हाच असतो.

लॅपटॉपचं दुखणं कसं ओळखायचं

लॅपटॉपमध्ये जागा कमी. म्हणून तोच सेल प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून, दोन तारा आणि छोटा कनेक्टर लावून कुठेतरी कोपऱ्यात चिकटवलेला असतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये मोठी बॅटरी जिवंत असेपर्यंत घड्याळ तिच्यावर निभावून नेतं, त्यामुळे छोटा सेल संपल्याचं कळतच नाही. मोठी बॅटरी पडली की दोन्ही दुखणी एकदम बाहेर येतात, आणि आपल्याला वाटतं लॅपटॉपच गेला.

आता निदान. वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलला दोष देऊ नका. हा टाइमझोनचा घोळ आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. विंडोज आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ लिहितं, आणि दोघांतला फरक म्हणजे आपली प्रमाणवेळ. तारीख बरोबर आणि घड्याळ काही मिनिटं मागेपुढे असेल, तर तेही बहुधा सेलचं दुखणं नाही. तारीख काही वर्षं मागे, एका ठरावीक दिवसावर जात असेल, किंवा सुरू होताना 'सीमॉस चेकसम' अशी तक्रार येत असेल, तर मात्र संशय सेलवर.

खात्री अशी करा. सुरू होतानाच बायोसमध्ये जा, वेळ नीट लावा, बंद करा. चार्जर काढा, मोठी बॅटरी निघत असेल तर तीही काढा. रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा आधी बायोसमध्येच वेळ बघा, विंडोजमध्ये नको. कारण इंटरनेट मिळालं की विंडोज बाहेरून वेळ आणून दुखणं झाकून टाकतं. मल्टिमीटर असेल तर सेल मोजा. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, अडीचच्या आसपास आला असेल तर संपला म्हणून समजा.

बदलण्याआधी दोन कामं विसरू नका. बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, कारण सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात. आणि विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल आणि सेटिंग्ज बदलल्यावर लॅपटॉपने ती मागितली, तर ३० रुपयांच्या सेलपायी सगळा डेटा कुलपात अडकेल.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी मोठ्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा. छोट्या सेलचा कनेक्टर तारांना न ओढता, कडेने हलकेच काढा. जुन्या सेलवर लिहिलेला नंबर वाचा आणि तोच आणा. तारांचा रंग आणि कनेक्टर जुळतो का ते बघा. नुसत्या सेलवर थेट डाग देऊ नका, तापून तो फुटू शकतो. तारांसकट तयार मिळतो तोच घ्या. नंबर 'एमएल' किंवा 'व्हीएल'ने सुरू होत असेल तर तो चार्ज होणारा सेल आहे. त्याच्या जागी 'सीआर' बसवलात तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज भरली जाईल, आणि ते धोक्याचं आहे. सगळं जोडून झालं की बायोसमध्ये तारीख लावा आणि फोटो बघून सेटिंग्ज पुन्हा भरा.

जुना सेल कुठेही टाकू नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या. घरात लहान मूल असेल तर विशेष जपा. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजायला सुरुवात होते. तशी नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

वेळ नक्की कुणाची?

आता मुद्द्याचं. वेळ कुणी ठरवायची यावर आपल्याकडे पूर्वीही भांडणं झालीत. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. लोकांनी विरोध केला, आणि मुंबई महापालिकेने आपली 'मुंबई वेळ' पुढे कित्येक दशकं जपली. एकाच शहरात दोन वेळा जवळपास पन्नास वर्षं नांदल्या. माणसं दोन्ही वेळा डोक्यात ठेवून जगू शकली.

यंत्रांना ते जमत नाही. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉपला वाटत असेल की २०१२ साल चालू आहे, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. डिजिटल सहीचंही तेच. म्हणूनच सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या आणि सरकारी संस्थांना सांगितलं, की आपल्या यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा. कोणती नोंद कधी झाली, हाच पुढे पुरावा ठरतो.

म्हणजे वेळ इतकी महत्त्वाची, आणि ती सांभाळणारा सेल मात्र कुठे? १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये झाकणामागे होता. आजच्या काही लॅपटॉपमध्ये तो काढायला अख्खा मदरबोर्ड उलटा करावा लागतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये तो वेगळा नसतोच, घड्याळ मोठ्या बॅटरीवरच चालतं. २०२१ साली गेम खेळणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं, की प्लेस्टेशन ४ मधला हा सेल संपला आणि सोनीचे सर्व्हर कधी बंद झाले, तर पैसे मोजून घेतलेले गेमसुद्धा चालणार नाहीत. जगभर ओरड झाली, आणि त्याच वर्षी सोनीच्या सॉफ्टवेअर अपडेटने ती अट काढली. ग्राहकांनी आवाज उठवला की फरक पडतो, तो असा. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने ठरवलंय, की फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांमधल्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण पोर्टल कंपन्यांची माहिती देतं. सेल सहज निघेल असा लॅपटॉप बनवा, असं कंपन्यांना सांगणारा कायदा अजून आपल्याकडे नाही.

तो येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. तुम्ही मुख्याध्यापक असाल, ग्रामसेवक असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर जुने लॅपटॉप निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी एक रकाना वाढवा: 'घड्याळाचा सेल तपासला का?' गावातला मोबाइल दुरुस्तीवाला पोरगाही हे अर्ध्या तासात सांगू शकेल. यादीतला एखादा लॅपटॉप जरी वाचला, तरी एका वर्गातली पोरं त्यावर टायपिंग शिकतील.

कुणी करून पाहिलं, तर लॅपटॉपचं मॉडेल आणि सेलचा नंबर खाली लिहा. पुढच्या माणसाचा शोध वाचेल.