त्रैक्य : बगदादच्या दरबारातला एक संवाद

'ख्रिस्ती लोक तीन देव मानतात,' हे वाक्य मी लहानपणापासून मोहल्ल्यात ऐकत आलो आणि न तपासता पुढेही सांगत आलो. काही वर्षांपूर्वी वसईच्या एका ख्रिस्ती मित्रासमोर मी तेच बोलून गेलो. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दर रविवारी मिस्सामध्ये आम्ही देव एकच असल्याचं मोठ्यानं म्हणतो. आम्ही काय मानतो, हे तू आम्हाला कधी विचारलंस का?"

मला लाज वाटली. मग वाचायला बसलो.

बायबलमध्ये 'त्रैक्य' हा शब्द नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं मात्र मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी एकत्र येतात. त्यांचा परस्परसंबंध काय, यावर पुढं मोठा वाद झाला. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे की पुत्र हा देवानं निर्माण केलेला आहे. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइननं निकाया इथं परिषद बोलावली. तिनं एरियसचं मत नाकारलं आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असं ठरवलं. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीचं म्हणणं स्पष्ट झालं. तत्त्व एक, व्यक्ती तीन, असं सूत्र रूढ झालं. इथं 'व्यक्ती' म्हणजे तीन वेगळी माणसं नव्हेत. आणि या तिघांत हजरत मरियम नाहीत. आपल्याकडं अनेकांचा हाच गैरसमज असतो.

पण मला सगळ्यात जास्त भावला तो इ.स. ७८१ च्या सुमाराचा बगदादमधला प्रसंग. अब्बासी खलिफा अल्-महदी, म्हणजे हारून रशीद यांचे वडील, यांनी पूर्वेकडील चर्चचे प्रमुख तिमोथी यांच्याशी दोन दिवस चर्चा केली. खलिफांचे प्रश्न थेट होते : देव एक, तर मग तीन कसे? तिमोथी म्हणाले, सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता, म्हणून काय तीन सूर्य होतात? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयी विचारल्यावर, ते प्रेषितांच्या मार्गानं चालले, लोकांना मूर्तिपूजेतून एका ईश्वराकडं नेलं, असं त्यांनी आदरानं सांगितलं. मात्र स्वतःची श्रद्धा सोडली नाही. खलिफांनाही सूर्याचा दाखला पटला नाही. ही हकिकत तिमोथींनीच सिरियाक भाषेत लिहून ठेवली आहे, त्यामुळं ती एका बाजूची आहे, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही एक गोष्ट उरतेच : सत्ता खलिफांच्या हाती होती, आणि त्यांनी समोरच्याला बोलू दिलं.

तौहीदवर माझा ईमान आहे. सूरह माइदामध्ये 'तीन' म्हणण्याला स्पष्ट नकार आहे आणि तो मला मान्य आहे. त्रैक्याचं कोडं मला सुटलेलं नाही. ख्रिस्ती धर्मपंडितही त्याला गूढच म्हणतात. पण नाकारायचं असेल, तर समोरचा खरोखर जे मानतो ते नाकारावं. त्याच्या तोंडी घातलेलं आपलंच वाक्य नाकारण्यात कसला न्याय? ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनंच चर्चा करा, असं सूरह अन्कबूत सांगते. आमचा आणि तुमचा ईश्वर एकच, हेही त्याच आयतीत आहे.

वसईच्या मित्राशी माझा वाद अजून चालू आहे. फरक एवढाच, आता मी आधी विचारतो.